दुसऱ्या नर्सची जागा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान डॉक्टरसाहेब, मुख्याध्यापिकाबाई, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आज निवृत्त होणाऱ्या सिस्टर, आमच्या वहिनी, समोर बसलेल्या माताभगिनी, त्यांच्या मांडीवर झोपलेले माझे सर्वांत समजूतदार श्रोते, आणि खुर्च्या संपल्यामुळे दाराशी ताटकळलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

घरचा माणूस म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. डॉक्टरसाहेब आत्ताच म्हणाले, "सिस्टरांनी हा दवाखाना अकरा वर्षं एकहाती सांभाळला." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शिंपीदादांनी तर दोन बाळंतपणं एकाच वेळी आली तो किस्सा रंगवून सांगितला. वहिनी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या, इकडे "जोर लाव गं!" आणि तिकडे "अगं थांब जरा, इतक्यात नको!" तुम्ही पोट धरधरून हसलात. मला मात्र हसू येईना. का, ते सांगतो. अध्यक्ष महोदय, घड्याळाकडे बघू नका, फार वेळ घेणार नाही.

वहिनी एकट्या का होत्या, हा प्रश्न कुणाला पडला का हो? मंजूर जागा दोन होत्या. दुसरी नर्स निवृत्त झाली, आणि तिची जागा भरण्याचा कागद दरवर्षी इथून निघायचा. तो अर्थखात्यात यायचा. अर्थखात्यात कुणाच्या टेबलावर? माझ्या. त्यावर अकरा वेळा 'तूर्त शक्य नाही' असा शेरा मारला, तो याच हाताने. अहो, कुजबुजू नका, अजून बरंच ऐकायचंय.

आपल्या देशावर कर्ज आहे, हे तुम्ही पेपरात वाचता. आकडा एवढा अगडबंब असतो की तो आपल्या घरातला वाटतच नाही. आमच्या खात्यात त्याचा अर्थ अगदी साधा असतो. तिजोरीत शंभर आले की त्यातले तीस आधी व्याजाला काढून ठेवायचे. मुद्दल आहे तिथेच. ते तीस एक दिवससुद्धा थांबत नाहीत. एक हप्ता चुकला तर जगभर बोभाटा. पगार, पेन्शनही थांबवता येत नाही. मग थांबवायचं काय? जे आरडाओरडा करत नाही ते. रिकामी खुर्ची कधी मोर्चा काढत नाही, म्हणून मी खुर्च्या रिकाम्या ठेवत गेलो.

आणि एक गोष्ट, जी सांगायला जीभ रेटत नाही. सरकारला कर्ज देतं कोण? इतरांबरोबर माझ्यासारखेही देतात. माझी सगळी शिल्लक सरकारी रोख्यांत आहे. गच्चीवरची खोली मी त्याच व्याजावर बांधली. वहिनी बघायला आल्या, कौतुकाने म्हणाल्या, "भावजी, वारा काय छान येतो हो!"

जेवताना त्या विचारायच्या, "आमच्या कागदाचं काय झालं?" मी सांगायचो, "वर अडकलाय." ते 'वर' म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा मीच.

माझा थोरला भाऊ गेला, त्या दुपारी वहिनी इथेच होत्या. दादा दर पाच मिनिटांनी विचारत होता, "ती आली का?" इथे एक बाई अडली होती आणि तिला सोपवून निघायला दुसरं कुणी नव्हतं. त्या घरी पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. आमच्या आत्या सगळ्यांदेखत त्यांना बोलल्या, "नवऱ्यापेक्षा नोकरी मोठी झाली का गं तुला?" मी शेजारीच बसलो होतो. आत्याला गप्प करायला माझं एक वाक्य पुरलं असतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून बाहेर गेलो. लाज वाटते हो. अजून वाटते.

आता आजचं. वहिनींनी महिनाभर खपून एक वही लिहिली आहे, नव्या नर्ससाठी. लस फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात, कुणाचा रक्तदाब चढतो, कुठल्या सुनेला सासूसमोर काही विचारायचं नाही, सगळं त्यात आहे. मघाशी मला दाखवून म्हणाल्या, "नवी मुलगी कधी येतेय, तेवढं बघून सांगा." वहिनी, कुणी येत नाहीये. तुमची जागा रिकामी झाली की रद्द समजावी, असा आदेश गेल्या महिन्यात निघालाय. मसुदा माझा आहे. घरी सांगायचं धाडस झालं नाही. इथे चारचौघांत सांगितलं की मला उठून बाहेर जाता येणार नाही, म्हणून इथे सांगतोय.

काय म्हणालात वहिनी? माईक द्या त्यांना. नको? बरं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मीच सांगतो. त्या म्हणतायत, "ते राहू द्या भावजी. उद्या बुधवार, डॉक्टर फक्त सोमवारी असतात. नऊ बाळं लसीला यायचीत. त्यांना टोचणार कोण?"

तीस वर्षं मी हिशेब केले. त्यात ही नऊ बाळं कधी धरलीच नव्हती.

संयोजकांनी मला उभं केलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. जाता जाता, काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. बोलण्यात चुकलं असेल तेवढं घाला, बाकीचं घालू नका. उद्या मी रजा टाकली आहे. सकाळी आठ वाजता या दवाखान्याच्या पायरीवर मी उभा असेन, आणि बाळ घेऊन आलेल्या नऊही जणींना "परत जा" हे मी माझ्या तोंडाने सांगेन. नमस्कार.