पडला तर पडला, टाकायचं काय नडलं हुतं?

...आन् वरनं मलाच इचारत्यात, "भरतेश, पडला तर पडला, पर त्यो व्हिडिओ टाकायचं काय नडलं हुतं?" आता तुमाला सांगतो, आमी व्हिडिओवाली माणसं! द्राक्षाला औषध मारलं, टाकला व्हिडिओ! म्हस व्याली, टाकला! मग एवढं झ्याक पडल्यालं काय ट्रंकेत ठिवू?

झालं काय, मी आन् आमची सुरेखा पलूसहून गाडीवरनं घरला निघालेलो. मोबाईल हँडलला, रेकॉर्डिंग चालू, "जय जिनेंद्र मंडळी, डाव्या अंगाला ही बाग बघा..." म्हणत मी डावीकडं बघतोय तंवर म्होरं उसाची मोळी! कुठल्या ट्रॉलीतनं पडल्याली काय म्हाईत! गाडी एकीकडं, मी एकीकडं, सुरेखा थेट पाटात! माझा हात मोडला, तिच्या डोक्याला मार, तिला मधलं काय आठवंचना. बिचारी गल्लीभर सांगत सुटली, "ह्यांचा हात मोडल्याला, तरी आदी मला उचललं!" ऐकून ऐकून मला बी खरं वाटाय लागलं वो!

आन् मी येड्यानं व्हिडिओ पुरता न बघताच टाकला...

त्यात काय दिसावं? मी उठतोय, मोबाईल उचलतोय, सदऱ्याला पुसतोय, आन् सवयीनं, "जय जिनेंद्र मंडळी, आमी पडलोय!" आन् माझ्या मागं पाटात... सुरेखाचं दोन पाय! हालत्यात! खाली लोकं लिवत्यात, "दादा, आदी वैनीला काढा!" इम्याचा माणूस फोन करून, "हेल्मेट कुठाय तुमचं?" मी व्हिडिओ काढून टाकला, तर कुणीतरी त्येला गाणं लावून फिरवाय लागलं! ज्यो भेटंल त्यो, "गड्या, पडला तर पडला, टाकायचं काय नडलं हुतं?"

सुरेखानं बघितला. परत बघितला. भांडली असती तर बरं वाटलं असतं, पर न्हाई... पिशवी भरली आन् मलकापूरला माहेरी गेली. लय वंगाळ वाटलं. तुमाला म्हणून सांगतो, रडलो.

गळ्यात हात बांधून एस्टीनं मलकापूर गाठलं. सासरं, रामगोंडा मामा, सोप्यात बसल्यालं. "या जावईबापू! पडला तर पडला, पर..."

"मामा, चुकलं माझं, तिला न्ह्याय आलोय," म्हणत त्यांच्या पाया पडाय वाकलो, तर नुकतीच पुसल्याली फरशी... सर्रकन आडवा! मोबाईल पार उंबऱ्यापाशी! आतनं सुरेखा पळत आली. आवं, काळीज भरून आलं माझं! म्हटलं, हाय, अजून जीव हाय माझ्यावर! पळत आली...

आन् मोबाईल उचलला.

पदरानं पुसला, माझ्यावर धरला, "जय जिनेंद्र मंडळी, आमचं हे पडल्यात."

मग उचललं मला. हसली. संध्याकाळी घरला बी आली.

आन् व्हिडिओ? टाकला की तिनं! तिला कुणी तरी इचारावं का न्हाई, टाकायचं काय नडलं हुतं म्हणून? तर न्हाई! अख्खं गाव म्हणतंय, "वैनी, लय ब्येस केलं टाकला!"