कौल उजवा आहे ना!

...नाही, तुम्ही आधी ठरवा बायांनो, मला हळदकुंकू लावायचं की नाही! केव्हापासून बघतेय, करंडा पुढे येतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो... मी काय धक्क्याला बांधलेली होडी आहे? लावा, खुशाल लावा! आमच्याकडे कौल उजवा आहे ना!

तुम्हाला सांगते मास्तरीणबाई, तुम्ही घाटावरच्या, नवीन आलेल्या, तुम्हाला कुठून ठाऊक असणार? गोवा मोकळा झाला त्याच्या आदल्या वर्षी आमचे हे मचव्यावरून मीठ घेऊन गेले, वादळ झालं, आणि वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला नुसत्या फळ्या लागल्या. माणूस कुठाय? सासूबाई तडक देवळात! गुरवाने पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली तर माणूस जिवंत, डावी पडली तर... सगळा गाव श्वास रोखून उभा, आणि कळ्या काही पडेनात! शेवटी सासूबाईंनी असा उसासा टाकला, असा टाकला, की समईची वात विझली आणि उजवी कळी टप्पकन खाली!

"बघलास? माझो लवू जित्तो आसा!"

मी हळूच म्हटलं, "आई, ती तुमच्या उसाशाने..." झालं! "चार बुकां शिकलंस म्हणान देवाक शिकवतलंस?" आणि गुरव पानाची पिंक सांभाळत म्हणतो, "अगो, तो उसासो तरी तेंका कोणी घालूक लावल्यान? देवानच मा?" आता ह्याला उत्तर आहे का? असलं तर द्या बाई, मी अजून शोधतेय.

पुढे विजयदुर्गाहून निरोप आला, खाडीच्या तोंडाशी प्रेत लागलंय. आमचे धाकटे दीर, भिकाजीभावोजी, धावत गेले. तोंड माशांनी ठेवलंच नव्हतं. तिथेच अग्नी दिला, आणि त्याआधी प्रेताच्या सदऱ्याचा खिसा तेवढा फाडून घेतला, तो आणला. तो खिसा मी शिवलेला! घरात दोरा संपला म्हणून जाळ्याच्या सुताने, घाईघाईत, वाकडा. निघताना हे हसले होते, "ह्यो खिसो शिवलंस की खाडी?" माझा हात मी ओळखणार नाही? सासूबाईंनी खिसा उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "जाळ्याचा सूत काय तुझ्याच घरात आसा? आणि वाकडा शिवणाऱ्यो बायलो काय कमी आसत?" खिसा परत माझ्या हातात! कौल उजवा आहे ना!

म्हणजे बघा, रडायची सोय नाही. जित्या माणसासाठी कोण रडतं? अपशकून! दहावं नाही, तेरावं नाही... रडू आलं की मी कांदे चिरायला बसते. आमच्याकडे कांद्याची भाजी फार होते. वडाला सूत गुंडाळते, जन्मोजन्मी हाच नवरा मिळो... मिळो कुठला, आधी सापडो! आणि रोज दुपारी पडवीत त्यांचं ताट. सासूबाई लेकाची वाट बघतात, "झील इलो तर उपाशी ऱ्हवूक नको." मग निवलं की ते मी जेवते. तुम्हाला सांगते, ह्या घरात मी गरम भात विसरले.

ह्या भादव्यात सासऱ्यांचा म्हाळ होता. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, खीर. भावोजींनी कावळ्यांसाठी पान अंगणात ठेवलं. एक कावळा शिवेल तर शपथ! "बाबानू, पोरगीचा लगीन करतंव..." नाही. "बाबानू, घर शाकारतंव..." नाही! भावोजी हात जोडून, घामाघूम. आणि एवढ्यात माडावरून एक कावळा उतरला, सासऱ्यांच्या पानावरून तसाच पुढे गेला, आणि पडवीत! ह्यांच्या ताटातला वडा उचलला... तिथेच बसला. खायला लागला.

अंगणात सगळे बघतायत. गुरवसुद्धा होता.

सासूबाई उठल्या. म्हटलं, आता काठी घेतात, हाकलतात. त्यांनी पाण्याचं भांडं उचललं, ताटाशेजारी ठेवलं, आणि अगदी हळू, मला तेवढं ऐकू आलं... "सावकाश जेव रे झिला."

मग वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय बघतास? कावळ्याक काय कळता! कौल उजवो आसा! सुगंधा, कुंकू पुसटला गो तुझा, जा, नीट लाव!"

लावलं. काय करता?

दुसऱ्या दिवशी मी विळी घेऊन बसले, तर सासूबाईही दुसरी विळी घेऊन समोर येऊन बसल्या. घरात कांदा एकच होता हो! तेवढाच दोघींनी अर्धा अर्धा चिरला... दिवेलागणीपर्यंत.

लावा मास्तरीणबाई, ठसठशीत लावा. घरी गेल्यावर त्या बघतात.