शेकरू तिकडचं, बारासिंगा इकडचा

माहं माहेर काटोलकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं, अन् सासर हे असं बोरगावच्या पुढं संत्र्याच्या बगीच्यात, म्हणजे मध्यप्रदेशातलं, पण काय सांगू तुम्हाले ताई, लग्न होऊन आली तेव्हा मले वाटलंच नाही का आपण दुसऱ्या राज्यात आलो म्हणून, तीच बोली, तेच मुंगवडे, तसेच संत्रे, बस सौंसरले थांबली तेव्हा पाट्या तेवढ्या हिंदी दिसल्या. माहे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते, त्याहीनं मले डी.एड. करवलं, पोरीच्या हातात नोकरी पाहिजे म्हणे. नोकरी तर लागली नाही, पण ते शिकलेलं असं चुलीपाशी कामी येईन हे कोणाले माहीत होतं.

चार पोरी मले. मोठी रेवती, मधली सई, अन् मंग जुळ्या, राणी अन् सोनी. लोकं म्हणतात, चार? मी म्हणते हो चार, मोजून झालं असंन तर चहा घ्या.

सई सौंसरच्या इंग्रजी शाळेत जात होती. घरी नुसती मैना, पण तिथं एक दिवस मराठीत काही बोलली अन् मॅडमनं तिले सगळ्या वर्गापुढं उभं ठेवलं, पोरं हासली, अन् त्या दिवसापासून शाळेत तिनं तोंडच उघडलं नाही. व्हॅनमधून उतरली का बडबड सुरू, सकाळी व्हॅनमध्ये बसली का बंद. मॅडम म्हणे पोरीत काही कमी आहे, डॉक्टरले दाखवा. नागपूरले नेलं, डॉक्टर म्हणे कान चांगले, जीभ चांगली, हे भीतीनं होऊन राहिलं, बोल बोल करू नका, जिथं भीती नाही तिथं तिले राहू द्या. मी म्हटलं मंग घरीच राहू दे. आता सई घरी, तर व्हॅनवाला म्हणे एकट्या रेवतीसाठी मी एवढ्या आत बगीच्यात गाडी घालत नाही, म्हणून रेवती घरी. अन् जुळ्यायचं तर नावच टाकायचं होतं, मोठ्या दोघी घरी दिसल्यावर त्या कायच्या शाळेत जातात! अशी एकेक करून भरली माही शाळा, ठरवून काही नाही केलं.

मले सगळं नेमानं लागते. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळापत्रक लिहिलं अन् पिठाच्या डब्याच्या वर लावलं. झाडलोट करता करता पाढे, न्याहारीनंतर गणित, सैपाक होतपर्यंत भाषा, भांडे घासताना रेवतीनं विज्ञान मोठ्यानं वाचायचं, म्हणजे मलेही ऐकू येते. कागदावर लय चांगलं दिसे. पण सासूबाईचे गुडघे गेलेले, त्यांले उठवा बसवा, गायीचं पाहा, संत्र्याची तोड सुरू झाली का मजुरायचा चहा, अन् इकडं रेवतीचं बीजगणित, सईचा भागाकार, जुळ्यायचं अ आ, एकीले समजावून राहिली तर दुसरी पीठ सांडून राहिली. कणकेच्या हातानं वही तपासली का पानं चिकटून जातात. भाकरीचे चार तुकडे करून पाव म्हणजे काय ते शिकवलं, तर सोनीनं एक तुकडा खाऊन टाकला अन् म्हणे आता सांग आई किती राहिली. आमचे हे म्हणत, तू मास्तरीण आहेस ना, पाहून घे. पाहून घेतलं बापा सगळं. कधी कधी न्हाणीत दार लावून उभी राहो नुसती, नळ सुरू करून, कोणी हाक मारली तर ऐकू येऊ नये म्हणून.

अन् पुस्तकं. पुस्तकं म्हटलं तर माह्या भावानं त्याच्या पोरायची जुनी पुस्तकं पोतंभर पाठवली काटोलवरून, मराठी, माह्या ओळखीची, डी.एड.मध्ये मी हेच धडे घेतले होते. मी विचारच नाही केला. आमच्या इकडे कोणीच करत नाही हो, दवाखाना नागपूर, लग्नाचं कापड नागपूर, सोयरीक तिकडची, भिंतीवरचं कॅलेंडरही तिकडचं, मंग पुस्तक तिकडचं आलं तर कोणाले खटकते. त्यात शेकरूचं चित्र होतं, मोठी झुबकेदार शेपटीची खार असते ना झाडावरची, राज्यप्राणी म्हणून. सईले ते इतकं आवडलं का गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तिनं शेकरू काढलं, अन् येईन त्याले दाखवे.

आता माहे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, पांढुर्ण्याले सरकारी शाळेत मास्तर आहेत. माणूस वाईट नाही, खरं सांगते, पोरींसाठी दर खेपेले काही ना काही आणतात. पण शाळा सोडली हे त्यांले पहिल्यापासून पटलं नव्हतं. अन् आमच्या घरी अजून भासऱ्यापुढं सून बोलत नाही, डोक्यावर पदर घेऊन दाराआड राहायचं, काही सांगायचं असलं तर लेकराच्या तोंडून. माही सगळी बोलणी सईच नेत होती. जा, मोठ्या बाबांले सांग चहा झाला. जा, विचार जेवता का. ती टुणटुण जाये अन् सांगून येये.

दिवाळीले ते आले, ओसरीत बसले, म्हणे ये सई, पाहू तुह्या आईनं काय शिकवलं. मी दाराआड, हातात करंजीचं ताट. त्याहीनं विचारलं, आपल्या राज्याचा प्राणी कोणता. सईनं अशी मान वर करून सांगितलं, शेकरू! ते म्हणे काय? शेकरू, मोठे बाबा, मी काढलं पण आहे. अन् राजधानी? मुंबई. सगळ्यात लांब नदी? गोदावरी. भासरे जे हासले, आमच्या यांच्याकडे पाहून म्हणे, अरे तुह्या बायकोनं तर घरातल्या घरात पोरगी परराज्यात पाठवली, इथं बारासिंगा असते, भोपाळ असते, नर्मदा असते. हेही हासले. अन् सईनं दाराकडं पाह्यलं. मले पाह्यलं तिनं. मी एक पाऊल बाहेर टाकून म्हटलं असतं का भाऊजी, चूक पोरीची नाही, पुस्तक माहं, तर झालं असतं. मी पदर सावरला अन् ताट घेऊन तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून सई घरीही बोलत नाही. यांच्याशी नाही, सासूशी नाही, माह्याशी नाही. लिहिते, कामं करते, मान हलवते. दुसऱ्या दिवशी पाहते तर गोठ्याच्या भिंतीवरचं शेकरू ओल्या शेणानं लिपून टाकलेलं.

मंग मी इकडची पुस्तकं आणली, हिंदी, सगळं पहिल्यापासून, राज्य बदललं, जिल्हे बदलले, शब्द बदलले, रात्रंदिवस स्वतः वाचायचं अन् सकाळी त्यांले शिकवायचं. रेवती चिडे, म्हणे आई एक काय ते ठरव ना. कसं ठरवू? वेळापत्रक फाडलं, नवं लावलं, तेही फाडलं. भासरे म्हणे वैशाखात अखाजीच्या सणाले मी येतो, पोरगी माह्यापुढं तोंडानं उत्तरं देईन तर ठेवा घरी, नाही तर जूनमध्ये छिंदवाड्याले होस्टेलात. अन् हे हो म्हणून गेले. घरच्यायमध्ये जे लेकरू मुकं झालं त्याले परक्यायमध्ये टाकायचं. मी हात जोडले यांले. हे म्हणतात मंग तू बोलती कर. कशी करू ताई? माह्या पोटातून आली ती अन् मले तिचा आवाज आठवून पाहावा लागते.

पण या चैत्रात एक झालं. मी गोवऱ्या आणायले गोठ्यामागं गेली तर आतून आवाज. सईचा. जुळ्यायले बसवून शिकवून राहिली होती, छडी म्हणून तुराटी हातात. म्हणे, शेकरू तिकडचं, बारासिंगा इकडचा, पाठ करा. राणी म्हणे आपल्या बगीच्यात कोणतं आहे? सई म्हणे आपल्याकडे दोघंही नाही, आपल्याकडे माकडं, संत्रे खातात अन् सालं बाबांच्या अंगावर फेकतात. तिघी हासल्या. मी टोपलं उचलायले गेली, वाजलं, अन् सगळं बंद. सई बाहेर आली, माह्या हातातून टोपलं घेतलं अन् चुपचाप गोवऱ्या भरू लागली.

आता रोज गोठ्यातली ती शाळा भरायच्या वेळी मी सैपाकघरातून हालत नाही. भांडे नाही घासत, कुकर नाही लावत, शिटी नको म्हणून. काम मागं पडते तर पडू दे.

अखाजी आली तोंडावर. मी ठरवलं आहे का भासऱ्यांची खाट ओसरीत नाही टाकायची, गोठ्यामागच्या सावलीत टाकायची, चहा तिथंच द्यायचा, अन् सांगायचं का भाऊजी, नुसतं ऐका, विचारू नका. पण ते मास्तर आहेत, चूक ऐकू आली का टोकल्याशिवाय त्याहीले राहवते का? अन् हे सांगन कोण? रेवती म्हणे मी सांगते. मी म्हटलं नाही, या वेळी मीच सांगीन. एवढ्या वर्षात त्यांच्यापुढं एक शब्द नाही काढला, आवाज निघन का नाही देव जाणे, चुलीपुढं म्हणून पाहते रोज, भाऊजी, नुसतं ऐका. तिथं तर निघते.

तुम्ही निघता का आता? मंग समोरच्या फाटकातून जा, गोठ्याकडून नका जाऊ. तुमचंही लेकरू घरभर बोलत राहो, बाई. अन् फाटक हळू लावा, ते करकरते.