आत्यानं पकडलेला खुनी

आमच्या मोर्शीच्या आत्याला तुम्ही ओळखत नाही, ते बरंय. माझ्या लग्नाची तिलाच घाई. "तेल्हाऱ्याचा पोरगा लय गोड बोलते," हे तिनं आल्यापासून दहादा ऐकवलं. तिला गप्प करायला मी खुनाची एक तमिळ वेबसिरीज लावली. पहिले दोन भाग जबरदस्त होते, पोलीस अगदी खरे वाटत होते. तिसऱ्या भागात आत्या म्हणाली, "हा शेजारी पोलिसायले घडीघडी चहा पाजून राह्यला ना, हाच खुनी. इतकं गोड बोलणारा माणूस खरा नसते."

पुढचे पाच भाग ते ढ पोलीस नुसते जीपमधून हिंडले आणि शेवटी शेजारीच निघाला.

मी विचारलं, "आत्या, तेल्हाऱ्याचा पोरगा कसा बोलते म्हणत होतीस?"

"बंद कर तो टीव्ही," आत्या म्हणाली.