फाटकाशी सात जण

मोएकेत्सी : ...आणि हे कार्ड गळ्यात घालायचं, मामोलेफी आजी. तुमचा फोटो, खाली नंबर, त्याखाली साहेबांची सही.

मामोलेफी : फोटो झकास आलाय. मेल्यावर हाच लावा. गळ्यात मात्र मी घालायची नाही.

मोएकेत्सी : असं काय करता! एकवीस मार्चला गेलेल्यांची नावं यंदा तुम्ही वाचणार. कार्डाशिवाय स्मारकाच्या फाटकातून सोडणार नाहीत.

मामोलेफी : साठ साली त्या दिवशी माझे वडील पोलीस ठाण्यावर कशाला गेले होते रे?

मोएकेत्सी : मी शार्पविलचाच आहे, आजी. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाला फोटो-नंबराचं परवान्याचं पुस्तक बाळगायची सक्ती. ते घरी ठेवून सगळे ठाण्यावर गेले, 'करा अटक' म्हणाले. पोलिसांनी गोळ्या घातल्या.

मामोलेफी : पैकीच्या पैकी मार्क. आणि त्यांच्या स्मरणाला तू मला नंबर देतोस?

मोएकेत्सी : हे कार्ड सगळ्यांना आहे. गोऱ्यांनासुद्धा!

मामोलेफी : मग आली म्हणायची समानता.

मोएकेत्सी : हसताय काय? वंशभेद संपवायचा दिवस म्हणून जगभर पाळतात. मंत्री येणार, राजदूत येणार. सुरक्षा नको?

मामोलेफी : माझ्यापासून?

मोएकेत्सी : नियम आहे. नाहीतर आमच्या ऑफिसातली मुलगी नावं वाचेल. आवाज गोड आहे तिचा.

मामोलेफी : गोड असेल. पण कुणाचं कूळ कुठलं, ठाऊक आहे तिला? कुळाचं नाव न घेता आपल्यात मेलेल्याला हाक मारतात का? माझ्या बापाला ती टपाल आल्यासारखी पुकारणार.

मोएकेत्सी : म्हणूनच म्हणतो, घाला कार्ड. दोन तासांचा तर प्रश्न.

मामोलेफी : आईसुद्धा वडिलांना हेच म्हणाली होती. 'असू दे की खिशात, कुणाला दिसतंय?' त्यांनी पुस्तक चुलीशेजारी ठेवलं आणि निघाले. मी चौदा वर्षांची, मागोमाग गेले.

मोएकेत्सी : माझी नोकरी आहे हो, आजी.

मामोलेफी : सांभाळ की. आम्ही त्या दिवशीचे सात जण उरलोय. सातही सकाळी फाटकाशी येऊ, मोकळ्या गळ्याने. अडवायचं तर अडवा.

मोएकेत्सी : टीव्हीवाले असतील तिथे!

मामोलेफी : मग इस्त्रीचे कपडे घालून येऊ.

मोएकेत्सी : आणि खरंच अडवलं तर?

मामोलेफी : तिथेच उभी राहून नावं घेईन. कुळासकट.

मोएकेत्सी : पोलीस अंगावर आले म्हणजे?

मामोलेफी : तेव्हा आम्ही पळालो होतो, बाळा. गोळ्या पाठीत लागल्या लोकांच्या. आता पळायला गुडघेच नाहीत.