साफ केलेल्या टेपा

अध्यक्षस्थान भूषवणारे आपल्या भाषावर्गाचे विश्वस्त महोदय, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते संचालक सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसलेले माझे सहकारी व जर्मन शिकणाऱ्या परिचारिका भगिनींनो,

सरांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. थोडे जास्त होतील. आधीच्या वक्त्यांनी सरांच्या शिस्तीचं कौतुक केलं, ते खरंच आहे. खडूचा तुकडासुद्धा ते वाया जाऊ देत नसत. मीही काटेकोरपणाचा भोक्ता. जर्मन मी कुठल्या महाविद्यालयात शिकलो नाही. छपाईयंत्रांच्या कारखान्यात फिटर होतो, तेव्हा यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन कारागिरांच्या शेजारी उभं राहून शिकलो, आणि नीट शिकलो.

म्हणून इथे शिकवायला लागल्यावर तासाला मी त्या कारागिरांच्या जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा ऐकवायचो, त्यांना विचारून टेप केलेल्या. त्यात 'हाल्ट', 'माल', 'डॉख', 'ना या' यांची नुसती रेलचेल. आपण नाही का बोलताना 'अहो', 'म्हणजे', 'बरं का' पेरत? आईला फोनवर प्रकृती विचारली आणि ती 'तसं बरं आहे' म्हणाली, तर आपल्यातलं कोण निर्धास्त झोपतं?

सरांना ते पटलं नाही.

"मास्तर, हे परीक्षेत येतं का?"

"नाही सर. माणसांच्या तोंडात येतं."

"म्हणजे काय आहे की, हा कचरा आहे. म्हणजे काय आहे की, मुली गोंधळतात."

आमच्या टंकलेखक बाई हळूच म्हणाल्या, "सरांचा कचरा काढला तर बाकी काय उरेल हो?" वहिनी, आपण हसलात, बरं वाटलं.

तर टेपा साफ झाल्या. सरांनी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला शेजारी बसवून एकेक 'ना या', एकेक अडखळणं, अर्धवट सोडलेली वाक्यं, एवढंच काय, सुस्कारेसुद्धा कापून घेतले. काम फार सुबक झालं. ऐकताना वाटावं, ही भाषा बोलणाऱ्या कोणाला कधी काही दुखतच नाही. भगिनींनो, तुम्हाला परवा मिळाल्या त्या याच टेपा.

त्यांच्यावरच माझी भाची शिकली. थोरल्या ताईची मुलगी, परिचारिका. वर्गात पहिली आली, तिकडच्या एका रुग्णालयात लागली. तिथे खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना तिने विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, "ना या, गेट शोन." म्हणजे आपलं 'चाललंय आपलं, काय सांगायचं'. भाचीला त्यातलं 'गेट' तेवढं ओळखीचं: चालतंय. तिने वरिष्ठ परिचारिकेला सांगितलं, आजोबा ठीक आहेत. पुढच्या पाळीत पट्टी सोडली तेव्हा जखम चिघळलेली. आजोबा पुन्हा ऑपरेशन होऊन वाचले. भाचीला मात्र उमेदवारीच्या काळातच परत पाठवलं. कारण दिलं, भाषा कच्ची.

ताईने मला एवढंच विचारलं, "तुमच्या इथे पहिली आली होती ना रे ती?"

सरांना मी हे सांगितलं. सर म्हणाले, "वाईट झालं. पण एका मुलीवरून पद्धत बदलायची नसते." मात्र त्या एका मुलीचा फोटो प्रवेशद्वाराजवळच्या यशस्वी विद्यार्थिनींच्या भिंतीवर तसाच राहिला. नवे प्रवेश मिळवायला उपयोगी पडतो म्हणे. भाची आता घराजवळच्या दवाखान्यात काम करते आणि या रस्त्याने यायचं टाळते. "मामा, तेवढा फोटो काढायला लावा ना," असं ती जितक्या वेळा म्हणाली, तितक्या वेळा मी सरांच्या दाराशी गेलो आणि हात हलवत परतलो.

सर, आपल्याला उत्तम आरोग्य लाभो, हे मी मनापासून म्हणतो. आज या सभागृहात येण्याआधी मी तो फोटो भिंतीवरून उतरवला. माझ्या पिशवीत आहे, इथून थेट ताईकडे जाईल.

संयोजकांनी मला वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी. फोटोबद्दल मात्र ती मी मागत नाही.