'सा'ची गाणी

घाटकोपरच्या एक्स-रे सेंटरमध्ये माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. मुलगी वहीत बघून जपानी गाण्यांची नावं पुटपुटत होती.

"श्रुतिका, सगळी 'सा'वरूनच का गं?"

"क्लासमध्ये प्रत्येकीला एक अक्षर दिलंय. तिथल्या वृद्धाश्रमात गाण्यांच्या भेंड्या खेळतात. म्हातारी माणसं अडकली की आपण गाणं सुचवायचं."

"तिथल्या म्हणजे कुठल्या?"

"जपानच्या, आई. हा एक्स-रे व्हिसासाठी आहे."

"कॉलेजसाठी म्हणालीस ना तू?"

"घाबरले होते. चौदा तारखेचं विमान आहे. तीन वर्षांची नोकरी."

"म्हाताऱ्यांची सेवा? तू? आजीचं डायपर बघितलं की नाक दाबून पळतेस."

"ते आधी. आता मीच बदलते."

"चंपा बदलते. त्यासाठीच ठेवलीय तिला."

"चंपा शेजारी बसून मला शिकवते. तू ऑफिसला गेलीस की आजीचं सगळं मीच करते. दिवाळीपासून."

"आणि आजी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत?"

"मीच सांगू नको म्हटलं. तिच्यासमोरच तर पाठ करते. मी अडले की तीच पुढचं नाव सांगते."

"माझ्या सासूबाई जपानी बोलतात?"

"फक्त 'सा'ची गाणी. एकवीस येतात तिला."

काउंटरवरून श्रुतिकाचं नाव पुकारलं. ती उठली, तशी आईने तिचा दंड धरला.

"थांब. गळ्यातली चेन काढून दे इकडे. फोटोत आली तर परत काढायला लावतील."